एकच बघायचा असेल तर: 'अपोलो ११' की 'फॉर ऑल मॅनकाइंड'?

चांद्रमोहिमेवरचा एकच माहितीपट बघायचा असेल आणि विषय नवा असेल, घरात शाळकरी मुलं असतील, तर बिनधास्त 'अपोलो ११' लावा. पण मोहिमेची गोष्ट आधीच पाठ असेल आणि रात्री दिवे मालवून एकट्यानेच बघणार असाल, तर 'फॉर ऑल मॅनकाइंड'. दोन्ही जुन्या चित्रणातून बांधलेले आहेत आणि दोन्हींत निवेदक नाही. साम्य जवळजवळ तिथेच संपतं.

टॉड डग्लस मिलर यांचा 'अपोलो ११' २०१९चा, ९३ मिनिटांचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ७० मिलिमीटरची, फारशी कोणी न पाहिलेली रिळं सापडली, त्यांवर तो उभा आहे. जोडीला ११,००० तासांचं ध्वनिमुद्रण. नियंत्रण कक्षातलं बरंचसं चित्रण मुकं होतं. त्यात बोलणाऱ्याचे ओठ पाहून, वेळ जुळवून, स्टीफन स्लेटर यांनी नेमका आवाज शोधून जोडला. या चिकाटीला माझा मनापासून नमस्कार आहे, कारण त्यामुळेच तो कक्ष जिवंत वाटतो.

उड्डाणाच्या सकाळचा भाग मी कितीदा पाहिला असेल! पांढरे पोशाख चढवले जात असताना कॅमेरा तिघा अंतराळवीरांच्या चेहऱ्यांवर थांबतो. कोणी काही बोलत नाही. मग हायड्रोजनची गळती निघते आणि तंत्रज्ञ रॉकेटपाशी जाऊन बोल्ट आवळू लागतात. बाहेर गाड्यांच्या टपांवर बसलेली माणसं, डोळ्यांवर गॉगल, हातात दुर्बिणी. उड्डाणाच्या वेळचे हृदयाचे ठोकेही कळतात: आर्मस्ट्राँग ११०, कॉलिन्स ९९, ऑल्ड्रिन ८८. उतरण्याचा प्रसंग तर खिडकीतल्या छोट्या कॅमेऱ्याचं चित्रण, पडद्यावर घटत जाणारे आकडे आणि यानातल्या संगणकाचा १२०२ क्रमांकाचा तो इशारा एवढ्यावरच पेलला आहे. शेवट ठाऊक असूनही तळहाताला घाम येतो.

अल राइनर्ट यांचा 'फॉर ऑल मॅनकाइंड' १९८९चा, साधारण ८० मिनिटांचा. १९६८ ते १९७२ या काळात २४ जण चंद्राकडे गेले. राइनर्ट यांनी त्यांच्या वेगवेगळ्या मोहिमांचं चित्रण एकत्र करून एकच प्रवास गुंफला. अंतराळवीरांचे आवाज ऐकू येतात, पण मूळ चित्रपटात कोण बोलतंय ते पडद्यावर येत नाही. चंद्रावर अडखळून पडणारी, गाणी म्हणणारी माणसं दिसतात. वर ब्रायन ईनो यांचं तरंगत राहणारं संगीत.

इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवायला हवी. या प्रवासात यानाबाहेर तरंगणारा माणूस दिसतो तो एड व्हाइट, आणि ते चित्रण १९६५च्या, पृथ्वीभोवतीच फिरलेल्या जेमिनी ४ या यानाचं आहे. व्हाइट जानेवारी १९६७मध्ये अपोलो १च्या जमिनीवरच्या चाचणीत लागलेल्या आगीत गेले. माणसं घेऊन चंद्राकडे निघालेलं एकही यान त्यांनी पाहिलं नाही. मला हे फार खटकलं होतं. अभिलेखातलं चित्र जिथलं आहे तिथलंच म्हणून दाखवावं, असं मला आजही वाटतं. म्हणून शाळेच्या प्रकल्पासाठी हा माहितीपट देऊ नका. तारीखवार माहिती हवी तर 'अपोलो ११'च. पण काळ्या आकाशाखाली उभं राहिल्यावर माणसाला काय वाटलं, हे मात्र राइनर्टच सांगतात. मिलर यांच्याकडे त्याला जागाच नाही.

पडद्याचं म्हणाल तर 'अपोलो ११' मोबाइलवर बघू नका. ती ७० मिलिमीटरची दृश्यं घरातल्या सगळ्यात मोठ्या टीव्हीवरच बघा. राइनर्ट यांचा माहितीपट लॅपटॉप आणि हेडफोनवरही चालतो. दोन्हींत रेडिओवरची खरखरीत इंग्रजी आहे, सबटायटल चालू ठेवा, विशेषतः ज्येष्ठ मंडळी असतील तर. मुंबईत दूरदर्शन आलं १९७२ साली, त्यामुळे आपल्याकडच्या त्या पिढीने चंद्रावरचं पाऊल रेडिओवर ऐकलं आणि वर्तमानपत्रात वाचलं. ऑक्टोबर १९६९मध्ये तिघे अंतराळवीर मुंबईत आले होते, त्याची आठवण घरात कोणाला असेल तर 'अपोलो ११' त्यांच्या शेजारी बसूनच बघा.

शोधताना जपा: 'फॉर ऑल मॅनकाइंड' याच नावाची एक काल्पनिक मालिकाही आहे. 'अपोलो ११'ची 'फर्स्ट स्टेप्स' नावाची ४७ मिनिटांची आवृत्ती संग्रहालयांतल्या मोठ्या पडद्यांसाठी केली होती. लहान मुलांना तीही पुरते.

दोन्ही बघायचे ठरवलं तर आधी 'अपोलो ११', आणि मध्ये दोन-चार दिवस जाऊ द्या. 'अपोलो ११'चे संगीतकार मॅट मॉर्टन यांनी १९६९पर्यंत मिळणारीच वाद्यं वापरून केलेला तो सिंथेसायझरचा घुमारा कानात असेपर्यंत ईनो नीट ऐकू येत नाहीत.