एलडीएच रिलीज किट: पेशी फुटली एवढं नक्की सांगतं, बाकी तुमचं तुम्ही शोधा

नवीन आलेले एमएस्सीवाले दरवर्षी विचारतात की एमटीटी (पेशींची चयापचय क्रिया रंगावरून मोजणारी चाचणी) असताना हे महागडं किट कशाला मागवता, म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकते. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चार-पाच कंपन्यांची किट्स आतून जवळपास सारखीच आहेत, फरक असतो तो कोटेशनमध्ये आणि माल किती दिवसांत येतो त्यात.

एलडीएच म्हणजे लॅक्टेट डिहायड्रोजनेज, तेच हो, कोविडमध्ये सीआरपी, फेरिटिन, डी-डायमरच्या रांगेत रिपोर्टवर दिसायचं ते. आपल्या बहुतेक सगळ्या पेशींमध्ये असतं, साधारण १४० किलोडाल्टनचं जाडजूड एन्झाइम, त्यामुळे पेशीचं आवरण धड आहे तोवर बाहेर पडत नाही आणि आवरण फाटलं की मीडियात, म्हणजे पेशी वाढवतो त्या द्रवात, सांडतं. किटचं काम ते सांडलेलं मोजायचं. लॅक्टेटचं पायरुव्हेट होताना एनएडीएच तयार होतं, ते डायाफोरेजच्या मदतीने टेट्राझोलियम या रसायनाचं लाल रंगाचं फॉर्मेझान करतं, अर्धा तास अंधारात ठेवा, स्टॉप सोल्यूशन घाला, ४९० नॅनोमीटरला रीडिंग घ्या, झालं. पेशींना हात लावावा लागत नाही, वरचं ५० मायक्रोलिटर मीडिया पुरतं आणि उरलेल्यावर एलायझा (ठरावीक प्रोटीन किती आहे ते मोजणारी चाचणी) लावता येतो, मला तरी हाच सगळ्यात मोठा फायदा वाटतो. एमटीटीत पेशी मेल्या की नुसत्या सुस्तावल्यात ते कळत नाही, इथे निदान काय मोजतोय ते स्पष्ट असतं.

आता आमच्या कामात हे कसं वागतं ते सांगते, कारण खरी मजा तिथे आहे. टीएचपी-१ पेशी (माणसाच्या रोगप्रतिकारक पेशींची लॅबमधली जात) पीएमए हे रसायन देऊन डिशला चिकटवायच्या, एलपीएसने (जिवाणूंच्या आवरणातला घटक) तीन-चार तास चेतवायच्या, मग निजेरिसिन हे विषारी रसायन. एनएलआरपी३ इन्फ्लॅमासोम (धोका ओळखून दाह सुरू करणारा प्रोटीनांचा गट) जुळतो, कॅस्पेज-१ हे एन्झाइम चालू होतं, ते गॅसडर्मिन डी नावाचं प्रोटीन कापतं आणि त्याचे तुकडे आवरणात छिद्रं पाडतात. पेशी फुगतात, फुटतात, प्लेट लालभडक. बरीच वर्षं सगळे हेच धरून चालले होते की छिद्रं पडली, पाणी आत शिरलं, मग पेशी आपोआपच फुटणार, त्यात शोधायचंय काय. पण २०२१ मध्ये विश्व दीक्षित यांच्या जेनेन्टेकमधल्या ग्रुपने (गॅसडर्मिन डी कापलं जातं हे २०१५ मध्ये दाखवणारे तेच, त्याच सुमाराला बीजिंगच्या फेंग शाओंच्या ग्रुपनेही दाखवलं होतं) नेचरमध्ये छापलं की हे शेवटचं फाटणं आपोआप होतच नाही, निंजुरिन-१ नावाचं प्रोटीन ते घडवून आणतं. उंदरात हे प्रोटीन काढून टाकलं तर मॅक्रोफेज (भक्षक पेशी) मरतात तरीही, आयएल-१ बीटा हे दाह वाढवणारं प्रोटीन छिद्रांतून नेहमीसारखंच बाहेर येतं, कारण ते जेमतेम १७ किलोडाल्टनचं, पण एलडीएच मात्र बरंचसं आतच अडकून राहतं.

आता हे किटच्या रिव्ह्यूमध्ये कशाला? तर यासाठी की नुसतं एलडीएच कमी आलं म्हणून "आमच्या अर्काने इन्फ्लमेशन थांबवलं" असं पोस्टरवर छापणारे खूप दिसतात. मीडियात ५ मिलिमोलर ग्लायसिन घालून बघा, एलडीएच धाडकन खाली येईल आणि आयएल-१ बीटा मात्र चालूच राहील, कारण ग्लायसिन निंजुरिनला एकत्र गोळा होऊ देत नाही, छिद्रांना काही करत नाही. मग तुमच्या अर्काने नक्की काय अडवलं, इन्फ्लॅमासोम की फक्त फुटणं? हे किट सांगू शकत नाही आणि तो किटचा दोषही नाही. त्यासाठी बाजूला आयएल-१ बीटाचा एलायझा लागतोच, नुसत्या लाल रंगावर कुणी निष्कर्ष काढला तर मी तरी विश्वास ठेवत नाही.

उलटा प्रकारही होतो. रॉ २६४.७ या उंदराच्या मॅक्रोफेज पेशींवर निजेरिसिन टाकायचं, आयएल-१ बीटा आलं नाही की किटला नाहीतर एलायझाला शिव्या घालायच्या. अरे, त्या पेशींत एएससी हे इन्फ्लॅमासोम जोडणारं प्रोटीनच नाहीये, इन्फ्लॅमासोम जुळणार कसा! आणि अ‍ॅपॉप्टोसिसचं (पेशीच्या ठरवून, शांतपणे मरण्याचं) काम असेल तर सुरुवातीला एलडीएच गप्पच असतं, आवरण शाबूत असतं ना, पुढे मेलेल्या पेशी खायला डिशमध्ये कुणी नसतं म्हणून त्याही फुटतात आणि २४ तासांचं रीडिंग उगाच जास्त येतं. त्यामुळे एकाच वेळेचं रीडिंग घेऊन मोकळं होऊ नका.

तक्रारी. मॅन्युअल फारच कंजूष आहे. सीरममध्ये स्वतःचं एलडीएच असतं, १० टक्के एफबीएसमध्ये (वासराच्या सीरममध्ये) केलंत तर बॅकग्राउंडच एवढं चढतं की खरा फरक बुडून जातो, हे ठळक छापायला काय जातं? शेवटच्या टप्प्याला सीरम १ टक्क्यावर आणा किंवा काढूनच टाका. काही डीएमईएम मीडियामध्ये सोडियम पायरुव्हेट असतं, ते रिअ‍ॅक्शनला आडवं येतं, बाटलीवरचं लेबल वाचा. ट्रायटन (सगळ्या पेशी फोडणारं डिटर्जंट) घातलेल्या वेल्समध्ये बुडबुडे राहतात, सुईने फोडा नाहीतर मॅक्सिमम रिलीजचं रीडिंग वेडंवाकडं येतं आणि सगळी टक्केवारी त्याच्यावरच बसलेली असते. सुपरनेटंट (वरचं मीडिया) फ्रीझरमध्ये टाकून "सोमवारी करू" हे एलायझाला चालतं, इथे नाही, थंडीत एलडीएचची अ‍ॅक्टिव्हिटी घसरते, त्याच दिवशी उरका. आणि आपल्याकडचा लाडका विषय म्हणजे कर्क्युमिन, ते स्वतःच पिवळंधमक, त्याचं शोषण ४२५ च्या आसपास, शेपूट ४९० च्या बाजूला येतं, म्हणून पेशींशिवाय नुसत्या औषधाचे कंट्रोल वेल्स ठेवायलाच हवेत. बहुतेक जण ठेवत नाहीत.

घ्यावं का? ग्रँट असेल तर घ्या, पेपरच्या फिगरसाठी किटच बरं, रिव्ह्यूअर कमी प्रश्न विचारतात. पैशाची चणचण असेल तर लिथियम लॅक्टेट, एनएडी, आयएनटी (तेच टेट्राझोलियम) आणि डायाफोरेजच्या जागी पीएमएस हे रसायन असं मिश्रण लॅबमध्ये बनतं आणि पायलटला छान चालतं, फक्त पीएमएस उजेडात खराब होतं, फॉइल गुंडाळा. माझ्याकडून पाचपैकी चार, एक कापला तो मॅन्युअलसाठी. आणि ऑर्डर देताना सोबत प्रॉपिडियम आयोडाइडची (पीआय, डीएनएला चिकटून चमकणारा रंग) एक बाटली जोडून मागवा, छोटा रेणू आहे, गॅसडर्मिनच्या छिद्रातूनच आत शिरतो, म्हणजे पीआयने छिद्रं दिसतात आणि एलडीएचने फुटणं, दोन्ही शेजारी शेजारी लावलं की वरचा ग्लायसिनवाला घोळ बराचसा सुटतो, आणि किटच्या मानाने पीआय स्वस्तच पडतं.