जिप्सीतल्या क्विक-रिलीज बकेट सीट्स: एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढल्यावर

बकेट सीट म्हणजे दोन्ही कडा उंच असलेली, माणसाला धरून ठेवणारी खोलगट सीट, आणि क्विक-रिलीज म्हणजे ती स्पॅनरशिवाय झटपट काढता-लावता येणारी सोय. सीट्स चांगल्या आहेत, क्विक-रिलीज त्याहून कामाचं आहे, आणि तरीही घरात एकच गाडी असेल तर या भानगडीत पडू नका असंच मी सांगेन. आता सविस्तर.

गाडी मारुतीची जिप्सी किंग, सॉफ्ट टॉप (कापडी छताची), १.३ लिटरचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन. पुढे-मागे कमानपाटे आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २३७५ मिमी. अशी गाडी कुठेही चढते, पण आतल्या माणसाला घुसळून काढते. घोटीच्या पुढे भंडारदऱ्याकडच्या आडवाटांवर गाडी एका अंगाला कलली की सपाट सीटवरचा ड्रायव्हर स्टिअरिंगला धरून लटकतो. ज्या चाकाने गाडी वळवायची त्यालाच लोंबकळायचं, म्हणजे हाताखालचं नियंत्रण गेलंच. उजवा गुडघा दाराला टेकवून, डावा पाय क्लचशेजारी रोवून कसंबसं बसायचं. संध्याकाळी मांड्या भरून यायच्या.

बकेट सीटने हा त्रास संपवला. कमरेला आणि बरगड्यांना दोन्हीकडून आधार मिळतो, त्यामुळे हात फक्त स्टिअरिंगसाठी मोकळे राहतात. लो फोरमध्ये (चारही चाकांना जोर देणाऱ्या सगळ्यात सावकाश गिअरमध्ये) दगडांवरून सावकाश उतरताना क्लचवरचा पाय थरथरत नाही, हा फायदा मला आधी सुचलाही नव्हता.

मग क्विक-रिलीज कशाला? ओढा ओलांडताना दारांच्या फटीतून पाणी आत येतं, मॅटखाली शिरतं आणि सीटच्या रेलखाली बसून राहतं. बोल्ट खोलून सीट काढायची तर स्पॅनर, ग्रीसने माखलेले हात आणि अर्धा रविवार. त्यामुळे ती कोणी काढत नाही, आणि जुन्या गाडीचा पत्रा तिथूनच सडायला लागतो. आता ट्रिपहून आलो की दोन्ही सीट्स काढून अंगणात ठेवतो, फरशीवर पाइप मारतो, ड्रेनचे बूच उघडून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी उन्हं उतरायच्या आत सीट्स जागेवर. पहिल्यांदा सगळं काढलं तेव्हा डाव्या बाजूला रेलच्या खाली पत्र्याला फोड आलेले दिसले. स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर आत गेला. तेवढा तुकडा कापून नवा पत्रा, रेडऑक्साइड आणि वर सीलंट, असं काम निघालं. सीट बोल्टची असती तर हे कळायला आणखी दोन पावसाळे गेले असते.

रचना अशी. दर सीटला खाली एक चौकट. चौकटीच्या पुढच्या बाजूला १६ मिमीचा आडवा गोल बार, मागच्या बाजूला दोन कड्या. सीटच्या ब्रॅकेटला पुढे दोन आकडे, मागे स्प्रिंगचे दोन लॅच. सीट तिरकी धरून आधी आकडे बारमध्ये अडकवायचे, मग मागून दाबायची. खट्, खट्, असे दोन आवाज आले की बसली. काढताना मागचा नायलॉनचा पट्टा ओढायचा. सीट काढायला मिनिटही लागत नाही. वेळ जातो तो ती दारातून बाहेर काढण्यात, कारण सीटचं एफआरपीचं (फायबरग्लासचं) कवच रुंद आणि हँडब्रेक नेमका आडवा येतो. पाठीकडची बाजू आधी बाहेर काढायची, हे हळूहळू हाताला बसतं.

चौकटी अंबडच्या एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतल्या. त्याचं म्हणणं, "भाऊ, थेट चासीला वेल्ड मारू, उखडायचं नावच नको." ऐकायला भक्कम, पण जिप्सीची बॉडी रबराच्या माउंटवर चासीपासून वेगळी हलते. सीट चासीला आणि बेल्ट बॉडीला बांधला तर खड्ड्यात दोघं वेगवेगळे हलणार. सीट आणि बेल्ट एकाच अंगाला हवेत. म्हणून बॉडीलाच बांधल्या, आणि तिथे मात्र हात आखडता घेतला नाही.

मोटरस्पोर्टची जागतिक संस्था एफआयए हिच्या नियमांचा इथे उपयोग झाला. आपण काही रॅलीत उतरत नाही, पण मोजमाप हाताशी असलेलं बरं. चौकट गाडीला किमान चार ठिकाणी, ८ मिमी किंवा जाड बोल्टने बांधायची. पत्र्याच्या खालून प्रत्येक बोल्टला प्लेट द्यायची, तिचा पत्र्याला टेकणारा भाग किमान ४० चौरस सेंटीमीटर, आणि पोलाद असेल तर जाडी किमान ३ मिमी. नुसत्या वायसरवर सोडलं तर जोराच्या धडकेत बोल्ट पत्रा फाडून वर येतो. क्विक-रिलीजसाठी वेगळी अट आहे: उभ्या आणि आडव्या दिशेने, एका वेळी एक, १८,००० न्यूटन बल सोसलं पाहिजे. ८० किलोचा माणूस आणि १२ किलोची सीट धरा, वीस जीचा, म्हणजे वजनाच्या वीसपट, झटका लावा, आकडा तिथेच येतो. आमच्या फॅब्रिकेटरकडे हे तपासायचं यंत्र नाही, कोणत्याच गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडे नसतं. म्हणून लॅच घरगुती बनवले नाहीत, तयार घेतले. चौकट मात्र ५ मिमीची घेतली. नियमाला ३ पुरतात, पण नियम गंजाचा हिशोब धरत नाही.

बेल्टचं नीट ऐका. बकल सीटच्या सुट्या होणाऱ्या ब्रॅकेटला लावायचं नाही, कितीही सोयीचं दिसलं तरी. बेल्टचे सगळे अँकर बॉडीच्या मूळ जागीच राहिले पाहिजेत. तसं असलं की समोरून धडक बसल्यावर माणसाचं वजन बेल्ट घेतो आणि लॅचवर मुख्यतः सीटचंच वजन येतं. मागून कोणी ठोकलं किंवा गाडी उलटली तर सीटचीच परीक्षा आहे, ती वेगळी. दुसरी गोष्ट, बकेटच्या उंच कडांवरून मूळ बेल्ट नेला की कमरेचा पट्टा पोटावर चढतो. तो कवचाच्या बाजूच्या खाचेतून आत घेऊन ओटीच्या हाडांवर बसवावा लागतो. माझ्या सीटची खाच दोन बोटं वर होती, कानस मारून खाली आणली आणि कडेला रबराची किनार लावली. चार पॉइंटचा हार्नेस (दोन्ही खांद्यांवरून आणि कमरेवरून येणारे रेसिंगचे पट्टे) घ्यायचा मोह मीही टाळला. खांद्याचे पट्टे बांधायला मागे योग्य उंचीवर बार हवा. तो नसताना पट्टे फरशीला ओढून बांधतात, तेव्हा धडकेत ते मणक्यावर खाली दाबतात.

लॅचचं खरं दुखणं चिखल. लाल माती आत जाऊन वाळली की लॅच अर्धवट बसतो, आवाज मात्र पूर्ण बसल्यासारखाच येतो. पहिल्या पावसाळ्यात उजवा लॅच असा फसवायला लागला. त्यावर दोन उपाय केले. लॅचच्या खटक्यावर लाल रंगाचा पट्टा मारला, खटका पूर्ण आत गेला तरच तो दिसेनासा होतो. आणि मागच्या दोन्ही कड्यांतून ट्रॅक्टरच्या लिंकेजला असते तशी लिंच पिन टाकली. ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात अगदी किरकोळ पैशांत मिळते. लॅच सुटला तरी सीट जागची हलणार नाही. ग्रीस लावू नका, माती धरून ठेवतं. पाणी मारून लॅच धुवा, वाळू द्या, चेनला मारतात तो कोरडा ल्युब फवारा.

खटखट हा दुसरा ताप. आकडा आणि बार यांच्यात केसभर फट असली की कमानपाट्यांच्या गाडीत डोकं उठतं. मागच्या दोन टेकूंखाली पीयूचे (रबरासारख्या पॉलियुरेथेनचे) पॅड ठेवले, सीट दाबूनच लॅच लागेल एवढे जाड. आवाज बंद झाला, पण पॅड चेपतात, तेव्हा ते मधूनमधून बदलायचे.

हायवेवर माझं मत एवढं गोड नाही. पाठ मागे होत नाही. कवचावर फोम बोटभर जाडीचा, आणि पाट्यांचा प्रत्येक दणका सरळ माकडहाडात. मूळ साधी सीट हे दणके थोडेफार तरी पचवायची. नाशिक-कोल्हापूर एका दमात केल्यावर दुसऱ्या दिवशी खुर्चीत नीट बसवत नव्हतं. नंतर बसायच्या जागी घट्ट फोमचा जाड थर टाकला, तेव्हा डोकं छताच्या बारजवळ आलं. उंची पावणेसहा फुटांच्या वर असेल तर आधी मोजून घ्या. उन्हाळ्यात रेक्झिनवर पाठ भाजते, जाळीचं कापड घ्या, आणि गाद्या वेल्क्रोने निघणाऱ्या घ्या. भिजलेला फोम कवचाला चिकटवलेला असला की आठवड्यात गाडीत ओल्या गोणपाटाचा वास सुटतो. कवचाच्या तळाला पाणी जायला भोक असायला हवं, माझ्या सीटला नव्हतं, मी पाडलं.

स्वस्त एफआरपी सीटवर '८८५५-१९९९' हे एफआयएचं लेबल (रेसिंग सीटच्या मानकाचं) शोधू नका, बहुधा नसतं. लेबल असलेली जुनी सीट कोणी विकत असेल तर तारीख बघा. उत्पादनापासून पाच वर्षं हीच तिची मूळ मुदत.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आणि जानेवारी २०१९ मधला सुप्रीम कोर्टाचा निकाल या दोन्हींचा रोख एकच: आरसीत (नोंदणीपत्रात) जे आहे आणि कंपनीने जे ठरवलं त्यापासून गाडी बदलायची नाही. आसनसंख्या तीच राहिली म्हणून सगळं माफ आहे असं समजू नका, आणि विम्याच्या कंपनीलाही विचारून ठेवा. मूळ सीट्स भंगारात देऊ नका. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण येतंच. नव्या गाडीवाल्यांनी आणखी जपावं. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना पुढच्या सीट्सचा बेल्ट रिमाइंडर सक्तीचा आहे, म्हणजे सीटखाली वायरी आल्या. सीटच्या पाठीत साइड एअरबॅग असेल तर एअरबॅगच्या वायरींच्या पिवळ्या कनेक्टरला हात न लावता विषय तिथेच मिटवा.

आता घरचा प्रश्न. आईला नऊवारी-सहावारीचा प्रश्न नाही, गुडघ्यांचा आहे. बकेटची कड ओलांडून आत बसायचं म्हणजे तिला शिक्षाच. "ही सीट आहे की घमेलं?" असं विचारून ती पहिल्याच दिवशी रिक्षाने गेली. मग मूळ डाव्या सीटच्या रेलखालीही तसेच आकडे आणि लॅच लावून घेतले. आता आईला डॉक्टरांकडे न्यायचं असलं की मूळ सीट चढते, रविवारी बकेट. खर्च दोन्ही सीट्स, लॅच, चौकटी आणि हा वरचा जोड मिळून पन्नास हजारांच्या आतबाहेर. त्यात सगळ्यात वसूल झालेले पैसे या शेवटच्या जोडाचे.

पुढचे बार बोल्टने लावलेले आहेत ते बरं, कारण आकडे घासून त्यांचं प्लेटिंग उडालंय. पाऊस लागायच्या आत काढून पुन्हा झिंकला देतोय, आणि लॅचच्या स्प्रिंगा स्टेनलेसच्या मिळाल्या तर त्याही बदलतो.