तीन बॅरल, एक निळा टॉवेल आणि माझे ११०८ डॉलर

किती पैसे बुडाले, तो आकडा बायकोला अजून निम्माच सांगितलाय. पूर्ण आकडा इथे पहिल्यांदाच लिहितोय.

थॉम्पसन/सेंटरचं काँटेंडर हौशी लोकांना माहीत असेल. १९६७ पासूनचं, एका वेळी एकच गोळी घेणारं पिस्तूल. पुढची लाकडी मूठ काढायची, बिजागरीची पिन सरकवायची, की बॅरल, म्हणजे नळी, हातात. त्याच फ्रेमवर, म्हणजे सांगाड्यावर, सकाळी .२२ ची काडतुसं, दुपारी .३०-३० ची. फ्रेम मी रीतसर परवानाधारक दुकानातून घेतली, ती खरी आहे. गंडलो ते बॅरलच्या नादात.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक म्हणजे ती फ्रेम. बॅरल नुसता सुटा भाग, थेट घरपोच येतो. मध्ये दुकानदार नाही, ओळखपत्र नाही. चोराला आणखी काय हवं? त्यात २०२१ मध्ये मालक कंपनी स्मिथ अँड वेसनने हा ब्रँड विकायला काढला, तेव्हापासून चांगलं बॅरल दिसलं की माझा जीव वरखाली.

ऑनलाइन भेटलेल्या एका विकणाऱ्याने तीन बॅरल दाखवले: ३१०, २७५ आणि ३४० डॉलर, टपालखर्च ३८. एकूण ९६३.

आणि तिसरं होतं .३०८ चं. काँटेंडरला .३०८! त्या काडतुसाचा कमाल दाब ६२,००० पीएसआय, .३०-३० चा ४२,०००. काँटेंडरच्या फ्रेमला ते झेपत नाही. ते काम त्याच कंपनीच्या थोरल्या एन्कोर पिस्तुलाचं, आणि एन्कोरचं बॅरल काँटेंडरला बसतच नाही. हे मी चार जणांना शिकवलंय हो! विचारलं तर म्हणाला, “लिहिताना चुकलं, .३०-३० आहे.” फोटो मोठा केला. कॅलिबरचा शिक्का असतो नेमकी तिथेच निळ्या टॉवेलची घडी आलेली. घडी मला दिसली. मी पैसे पाठवले.

मी काही दुधखुळा नाही. हॅमरचा ठोका काडतुसाच्या कडेवर पडावा (रिमफायर) की मधोमध (सेंटरफायर) हे ठरवणाऱ्या कळीबद्दल तो अर्धा तास बोलला. असा माणूस चोर असेल असं कुणाला वाटेल? शिक्का दिसेपर्यंत एक दमडी देऊ नका. पुढे ‘पार्सलचा विमा’ म्हणून १४५ मागितले, तेही दिले. त्यावर काय बोलू.

बँक म्हणाली, तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काय करणार. (क्रेडिट कार्डाने दिले असते तर निदान भांडता आलं असतं. ‘फक्त थेट ट्रान्सफर’ म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.) पोलिसांना फोन केला तर ‘हा दिवाणी मामला’. दिवाणी? नाव खोटं, पत्ता खोटा, दावा लावू कुणावर, टॉवेलवर? ऑनलाइन तक्रारीचे सगळे रकाने रात्री दोनपर्यंत भरले, बदल्यात एक क्रमांक मिळाला. सात आठवडे झाले, क्रमांक अजून आहे. बँकेच्या खिडकीवरच्या माणसाने तर, “पण तुम्हाला तीन बॅरल कशाला हवे होते?” असं विचारलं. चोर मी होतो जणू.

तोच फोटो गूगलवर शोधायला दोन मिनिटं लागतात. मी शोधला तो पैसे गेल्यावर. काल पुन्हा दिसला: तोच टॉवेल, तीच घडी, विकणाऱ्याचं नाव नवं. .३०८ चे आता ३९० मागतोय.