फायटर मासा नाद खुळा, एअर पंपानं मात्र डोकं उठवलं

गणपतीच्या आधी फायटर आणला, आता शिमगा झाला. वीस लिटरची टाकी, आत एक निळा नर, स्पंज फिल्टर, त्याला हवा देणारा तीन वॅटचा एअर पंप आणि थंडीत घ्यावा लागलेला हीटर, एवढा संसार. लिहायचं होतं माशाबद्दल. पण मध्येच पंप बसला आणि त्यावरून दुकानदाराशी जी हुज्जत झाली, त्यामुळे निम्मं लिखाण पंपच खाणार. ज्यांना फक्त माशाचं ऐकायचंय त्यांनी एवढं वाचून थांबलं तरी चालेल: मासा भारी आहे, घ्या. बरणीत मात्र ठेवू नका.

पंप पहिल्या रात्रीपासून घुरघुरत होता. आई हॉलमध्ये झोपते. सकाळी उठून म्हणाली, "मासा पाळलायस का गिरण काढलीयास?" या पंपात मोटर वगैरे काही नसते. एक कॉईल, तिच्यासमोर चुंबक लावलेली दांडी आणि दांडीच्या टोकाला रबराचा पडदा. घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते, तशी दांडी थरथरते, रबर दबतं, हवा जाते. थरथर दांडीची, पण आवाज मोठा करतो तो खालचा लाकडी कप्पा. जुना टॉवेल चार घड्या घालून खाली ठेवला, थोडा फरक पडला. मग सुतळीनं खिळ्याला असा टांगला की भिंतीला कुठेच टेकणार नाही. आवाज निम्म्यावर आला, तोही फुकटात. टाकीच्या पाण्यापेक्षा वर टांगल्याचा आणखी एक फायदा म्हणजे लाईट गेली की पाणी नळीतून उलटं पंपात उतरत नाही. पंप खाली ठेवायचाच असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेला जाऊ देणारी झडप घाला, वीस-तीस रुपयांची वस्तू आहे.

आवाजाची तक्रार केली तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "रात्री बंद करून टाका की. फायटरला हवा लागत नाही." हे अर्धं खरं आहे आणि अर्ध्यातच सगळी गोम आहे. फायटरला लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो. मासा वर येऊन तोंडानं हवा घेतो, त्यामुळे बुडबुडे नसले तरी गुदमरत नाही. पण पंप माशासाठी नसतोच, तो स्पंजासाठी असतो. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. स्पंजात वाढलेले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानानं निरुपद्रवी नायट्रेट करतात. ही फौज उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तिला ऑक्सिजन लागतो, तो पंपाच्या बुडबुड्यांनी स्पंजातून ओढलेल्या पाण्यातून मिळतो. रात्रभर पंप बंद ठेवला तर मासा टुणटुणीत राहील, स्पंज मात्र आतून मरायला लागेल. वीज वाचवायची म्हणाल तर तीन वॅटचा पंप चोवीस तास चालला तरी महिन्याला दोन युनिटच्या आसपासच खातो. तिथं काटकसर करू नका. मी करत नाही, म्हणजे बघा.

तर हा पंप मध्यंतरी आवाज पहिल्यापेक्षा मोठा करायला लागला आणि बुडबुडा एक नाही. उघडला तर रबराला चीर. बाकी कॉईल ठीक, दांडी ठीक. दुकानात गेलो.

"रबर सुट्टं येत नाही भावा. नवा घे, साडेतीनशे."

"वॉरंटी?"

"पाण्याच्या वस्तूला वॉरंटी नसती."

"पंप पाण्यात कुठं असतोय? खिळ्याला टांगलाय."

यावर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला गप्पी दाखवायला लागला. फायटरला जोराचा प्रवाह सोसत नाही, लांब पंखांमुळे तो ढकलला जातो, म्हणून हवा कमी करायला नळीवरची चावी या दुकानदारानंच आवळून दिली होती. चावी आवळली की हवेचा दाब मागे रबरावर येतो आणि रबर लवकर जातं. हवा कमीच करायची तर टी-जॉइंट लावून जादाची बाहेर सोडावी. हे मला दुकानात नाही, पंप खोलून बसल्यावर कळलं.

साडेतीनशे रुपये काय डोंगराएवढे नाहीत. पण चाळीस रुपयांच्या रबरासाठी चालता पंप फेकायचा, हे उद्यमनगरासारखी कारखान्यांची वसाहत असलेल्या कोल्हापुरात पटत नाही. तिथल्या एका रबर पार्टच्या दुकानात दाखवलं. त्यानं चिमटीत धरून पाहिलं आणि हसून परत दिलं, एवढं बारीक त्यांच्याकडे नव्हतं. शेवटी ऑनलाइन मिळालं, दोनाची जोडी. येईपर्यंत रोज चार लिटर पाणी बदललं आणि खाणं एक वेळेवर आणलं. माशाला काही झालं नाही. रबर बसवलं, चावी पूर्ण उघडली, टी लावला. आणि इथं मला मत बदलावं लागतंय, कारण आवाज इतका कमी झाला की आईनं पंप बंद आहे का विचारलं. म्हणजे पंप वाईट नव्हता, जोडणी वाईट होती. रेटिंगमध्ये एक तारा देणार होतो, आता तीन.

बाकीचं भराभर. थंडीत रात्री पाणी बावीस अंशांवर गेलं तेव्हा मासा तळाला बसून राहायला लागला. त्याला चोवीस ते अठ्ठावीस लागतं. पन्नास वॅटचा हीटर लावल्यावर दुसऱ्या दिवशी पूर्ववत. उन्हाळा लागला, आता काढून ठेवलाय. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून अँटी-क्लोरीनचे थेंब टाकल्याशिवाय ते टाकीत नको. स्पंजही नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नाहीतर जीवाणूंची फौज मोरीत. शेजारच्या काकांनी रंकाळा तलावाचं पाणी सुचवलं होतं, "नैसर्गिक असतंय." मी हसून विषय बदलला. खाणं सकाळी तीन दाणे, संध्याकाळी तीन, आणि आठवड्यातून एक दिवस लंघन. आईनं सोमवार ठरवलाय, स्वतःच्या उपासाबरोबर.

पैसे वसूल झाले ते देशी बदामाच्या पानावर. दुकानात वाळलेली पानं पाकिटात विकतात, आणि आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर तेच झाड रोज ढीगभर गाळतं. हिरवं नको, आपोआप गळलेलं तपकिरी पान, फवारणी नसलेल्या झाडाचं. स्वच्छ धुऊन एक टाकलं की दोन दिवसांत पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. त्यातलं टॅनिन पाणी किंचित आम्लधर्मी करतं आणि फायटरला ते मानवतं. आमच्या पठ्ठ्यानं त्या पानाच्या आडोशाला फेसाचं घरटं बांधलं. लोक याला 'मासा खूश आहे' म्हणतात. मला विचाराल तर वयात आलेला नर हे मादी नसतानाही करतोच. तरी फोटो मी सगळ्यांना पाठवला.

नवा पंप घ्यायला जाणार असाल तर पैसे काढायच्या आधी एकच विचारा: याचं रबर सुट्टं मिळतं का? आणि आमच्या त्या दुकानदाराकडे गेलात तर टी-जॉइंट तिथंच मागून घ्या, दहा रुपयाला देतो, पण आपणहून काढत नाही.