चेन तुटली आणि डीलर म्हणाला, ‘हा वेअर अँड टेअर पार्ट आहे’

सर्व्हिसिंग करून मोटरसायकल ताब्यात घेतली आणि २८० किलोमीटरनंतर चेन तुटली. वेग साठच्या आसपास होता. खालून ‘कडाड्’ असा आवाज आला, इंजिन एकदम मोकळं ओरडलं आणि मागचं चाक जाम झालं. गाडी फरपटत कडेला गेली. मी पडलो नाही आणि मागून त्या क्षणी कुणी येत नव्हतं, म्हणून आज हे लिहायला बसलो आहे. वाकून पाहिलं तर चेनचा गोळा पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्राच्या) कव्हरमध्ये अडकला होता. त्या धक्क्याने इंजिनच्या केसला तडा गेला होता आणि ऑइल ठिबकत होतं.

जॉब कार्डवर ‘चेन क्लीन, अ‍ॅडजस्ट, ल्यूब’ यापुढे तीन बरोबरच्या खुणा होत्या. बिलात चेन स्प्रेचे पैसे वेगळे लावले होते. गाडी घेतानाच चेन मला कडक वाटली होती, बोटाने दाबली तर जेमतेम हलत होती. मी विचारलंही. उत्तर आलं, “आत्ताच टाइट केलीय ना साहेब, चालवून चालवून होईल मोकळी.” मी मान डोलावली आणि निघालो. ही चूक माझी, आणि ती तुमच्याकडून होऊ नये म्हणूनच एवढं सविस्तर सांगतो आहे.

चेनला ढिलाई मुद्दाम ठेवलेली असते. खड्ड्यात मागचा सस्पेन्शन दबतो तेव्हा स्विंग आर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, वर उचलला जातो. पुढचं स्प्रॉकेट, स्विंग आर्मचा पिव्होट (तो ज्यावर वरखाली होतो ती जागा) आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की दोन स्प्रॉकेटमधलं अंतर सगळ्यात जास्त होतं. त्या वेळी चेनला हात-पाय पसरायला जागा हवी. माझ्या मॅन्युअलमध्ये ही ढिलाई २५ ते ३५ मिलिमीटर दिली आहे. ती नसेल तर प्रत्येक खड्ड्याला सगळा ताण पिनांवर आणि गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टच्या बेअरिंगवर येतो. अशी चेन ‘मोकळी’ होत नाही. ती ताणली जाते आणि बेअरिंगही सोबत घेऊन जाते.

तुटलेली चेन मी रस्त्यावरच पिशवीत भरली. एक तुकडा हातात धरून नीट पाहिला. बाहेरून स्प्रेचा ओला थर होता. आतल्या बाजूला मात्र जुना चिखल तसाच वाळलेला, आणि तीन-चार पिनांच्या कडेने लालसर पूड. ओ-रिंगच्या चेनमध्ये (जिच्या पिनांपाशी ग्रीस आत राखणाऱ्या रबरी कड्या असतात) पिनेपाशी अशी लाल पूड दिसली तर सील गेलंय आणि आतलं ग्रीस संपलंय असं समजावं. त्यातल्या दोन कड्या वाकवूनही वाकत नव्हत्या. म्हणजे साफ काहीच केलं नव्हतं. घाणीवरच स्प्रे मारला होता आणि कडक झालेली चेन तशीच ताणून ठेवली होती. स्विंग आर्मवरच्या खुणाही पाहिल्या: डावीकडचा अ‍ॅडजस्टर (चाक मागेपुढे सरकवून चेन ताणणारा स्क्रू) तिसऱ्या रेघेवर, उजवीकडचा साडेचारावर. चाकच तिरकं बसवलं होतं! जागच्या जागी सगळ्याचे फोटो काढले. पुढे तेच उपयोगी पडले.

डीलरकडे गेल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं होतं. चेन हा वेअर अँड टेअर पार्ट, वॉरंटीत बसत नाही. दुसरं, तुम्ही चेन मेंटेन करत नसाल. तिसरं, रस्ते खराब. इथेच बहुतेक लोक परत फिरतात, कारण पहिली गोष्ट खरीच असते. चेन झिजणारी वस्तू आहे, वॉरंटी मागायला मी गेलोच नव्हतो. माझं म्हणणं तुम्ही केलेल्या कामाबद्दल होतं. पार्टची वॉरंटी वेगळी आणि पैसे घेऊन केलेल्या कामाची जबाबदारी वेगळी. या दोन गोष्टींची सरमिसळ काउंटरवर जाणूनबुजून केली जाते. चेन संपलीच होती तर खूण करायच्या जागी ‘चेन बदलावी लागेल’ असं लिहायला हवं होतं, आणि निर्णय मी घेतला असता.

मी तोंडी वाद थांबवला आणि जॉब कार्ड, बिल, फोटो, किलोमीटरचं रीडिंग जोडून लेखी तक्रार दिली. कंपनीच्या ग्राहक विभागालाही तीच पाठवली. दुसऱ्या एका मेकॅनिककडून चेनची अवस्था लिहून घेतली. मधल्या काळात सुपरवायझरने दोनदा ‘तपासणीसाठी’ चेन मागितली. मी दिली नाही. बघा, मोजा, पण माझ्यासमोर, असं सांगितलं. तुटलेला पार्ट एकदा स्क्रॅपमध्ये गेला की तुमच्या हातात फक्त तुमचा शब्द उरतो.

तीन आठवड्यांनी इंजिनच्या केसचा खर्च आणि मजुरी त्यांनी भरायची, चेन-स्प्रॉकेटचा सेट माझा, यावर तडजोड झाली. सेटचे पैसे द्यायला माझी हरकत नव्हती. चूक झाली हे मात्र त्यांनी शेवटपर्यंत कागदावर लिहिलं नाही. उलट किल्ली देण्याआधी ‘काम समाधानकारक, तक्रार नाही’ अशा छापील ओळीखाली सही मागितली. मी म्हटलं, आधी गाडी बघतो.

खिशातून मोजपट्टी काढली, चाक फिरवत चेनची सगळ्यात कडक जागा शोधली आणि खालच्या बाजूला पट्टी धरून चेन वरखाली केली. नवी चेन, नवी स्प्रॉकेट, आणि ढिलाई १५ मिलिमीटर. मेकॅनिकला बोलावलं, अ‍ॅक्सलचा नट सोडायला लावला आणि दोन्ही बाजूच्या रेघा जुळवून, ३० मिलिमीटर होईपर्यंत तिथेच उभा राहिलो. सही त्यानंतर केली, ‘तक्रार नाही’ हे शब्द खोडून.