कूलरसमोर चढलेला जंग आणि पिवळ्या पिशव्या: चौदा महिन्यांचा अनुभव

माझ्या शिसं ओतायच्या लोखंडी साच्यांना जंग पावसाळ्यात नाही, मे महिन्यात चढला. हे सांगितलं की नागपूरचा माणूस आधी हसतो. बाहेर पंचेचाळीस डिग्री, गच्चीवर टाकलेला पापड तासाभरात कडक होतो, अन् तुमच्या लोखंडाला जंग लागतो? लागतो. कारण ज्या मागच्या खोलीत साच्यांचं कपाट आहे, तिथेच आमचा कूलर आहे. वाळ्याचं गवत, खाली टाकीभर पाणी, आणि पंख्याचं तोंड बरोबर कपाटाकडे. बायको म्हणाली, "अहो, तिकडे तोंड करून ठेवला कोणी? तुम्हीच ना?" मीच.

साचे म्हणजे शिशाची वजनं ओतायचे. जाळ्याच्या काठाला बांधायच्या गोळ्या आणि गळाला लावायचे थेंब. वडील इतवारीत ओतकाम करायचे, रामटेककडचे ढीवर, म्हणजे मासेमार, त्यांच्याकडून जाळ्याचं शिसं किलोवर न्यायचे. मी स्वतः रेल्वेच्या मोतीबाग वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालो. आता धंदा म्हणून नाही, पण खिंडसी तलावाकडचे दोन-तीन जण अजून माझ्याकडूनच नेतात, आणि मला स्वतःलाही गळ टाकून बसायची खोड आहे. साचे एकूण अकरा. आठ बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, वडिलांच्या वेळचे, आणि तीन अ‍ॅल्युमिनियमचे, मी नंतर घेतलेले. अ‍ॅल्युमिनियमला जंगाची भीती नाही, पण बीड तापलं की ताप धरून ठेवतं, त्यात ओतलेली गोळी गुळगुळीत निघते. म्हणून जीव त्या आठांत.

त्या मे महिन्यात पेटी उघडली तर आठांपैकी पाचांवर तांबूस पूड. वडिलांची पद्धत मीही चालवत होतो: साच्याला तेल चोपडायचं, वर्तमानपत्रात गुंडाळायचं, पत्र्याच्या पेटीत टाकायचं. वर्तमानपत्र ओल पितं आणि ती लोखंडाला चिकटवून ठेवतं, हे इतकी वर्षं वर्कशॉपमध्ये काढूनही डोक्यात आलं नाही. वडिलांचं चाललं, कारण त्यांच्या खोलीत कूलर नव्हता. म्हणून दुकानातून तीनशे रुपयांचं दमटपणा मोजायचं घड्याळ आणलं. दुपारी दोन वाजता अंगणात सोळा टक्के, आणि कूलर चालू असलेल्या खोलीत बासष्ट! लोखंडासाठी साठच्या आसपासची पायरी वाईट. तिच्यावर गेलं की जंगाचा वेग वाढतो, पन्नासच्या खाली राहिलं तर बऱ्यापैकी सुखरूप.

मग लोहाओळीत, लोखंडी सामानाच्या बाजारात, गेलो. ज्या दुकानातून मी टॅप आणि फाइली घेतो, तिथल्या पोराने विचारलं, "काका, जंग लागते का सामानाले? मंग हे घेऊन जा." आणि पिवळसर प्लास्टिकच्या पिशव्यांचं पुडकं समोर टाकलं. व्हीसीआय पिशव्या, म्हणजे जंग अडवणाऱ्या. पंचवीस नग चारशे वीस रुपयांना, झिपवाल्या, सहा बाय आठ इंच. कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे.

या पिशवीच्या प्लास्टिकमध्येच एक रसायन मिसळलेलं असतं. त्याची वाफ हळूहळू सुटते आणि आत ठेवलेल्या लोखंडावर अतिशय पातळ थर धरते. दिसत नाही, हाताला लागत नाही, तेलकटपणा नाही. हा तेलकटपणा नसणं माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट. साच्याच्या पोकळीत तेलाचा अंश राहिला तर शिसं ओतल्यावर गोळीवर सुरकुत्या येतात, पहिल्या वीस-पंचवीस गोळ्या परत भांड्यात टाकाव्या लागतात. तेल लावलेला साचा काढायचा म्हणजे आधी अर्धा तास थिनरने घासाघीस. पिशवीतून काढलेला साचा पुसला, तापवला, ओतला. पहिल्या चार-पाच गोळ्या वाया, बस.

पण पिशवी काही जादू नाही. पहिल्याच खेपेला मी पिशवीत मावणारे सात साचे केरोसीन आणि पितळी ब्रशने साफ केले, भांड्याच्या साबणाने धुतले, वाळवले आणि भरले. ऑगस्टमध्ये उघडले तर सहा चकचकीत, आणि सातव्यावर, पंचवीस ग्रॅमवाल्यावर, एका बाजूला लांबुळका डाग. निरखून पाहिलं तर माझा अंगठा. अक्षरशः ठसा, रेषांसकट. साबणानंतर उघड्या हाताने उचलला होता, घामातलं मीठ तिथे बसलं. पिशवी बंद केली म्हणजे आत जे आहे तेही बंद होतं. आता सुती हातमोजे घालूनच भरतो. शिवाय साबणानंतर साचा शेगडीच्या कडेला ठेवून खणखणीत वाळवतो, बिजागरीच्या आणि खुंट्यांच्या भोकात पाणी लपून बसतं. हे फक्त जंगासाठी नाही. शिसं ३२७ अंशांना वितळतं, पाण्याचा एक थेंब त्याखाली सापडला तर क्षणात वाफ होऊन शिसं उडवतो. एकदा "फट्" झालं आणि माझ्या चपलेच्या पट्ट्यावर दोन ठिपके बसले. तेव्हापासून बंद बूट, डोळ्यांना चष्मा, आणि साचा आधी शेगडीच्या काठावर तापवल्याशिवाय पळीच उचलत नाही. पोकळीतला जंग काढायला पॉलिश पेपर लावू नका, पोकळी मोठी होते आणि पंचवीसची गोळी सत्तावीसची निघते.

दुसरी चूक मी दुप्पट शहाणा व्हायला गेल्यामुळे झाली. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पाकिटं आणून पिशवीच्या आत टाकली. महिन्याभराने पुडक्यावरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली, तर लिहिलं होतं की शोषक आत घालू नका, ते रसायनाची वाफही ओढून घेतं. पोराला विचारलं तर म्हणतो, "काका, आम्हाले काय माहीत, लोक दोन्ही घेऊन जातात." म्हणून आता जेल पिशवीत नाही, सगळ्या पिशव्या ज्या मोठ्या डब्यात ठेवतो त्यात. नारिंगी दाणे घेतो, ओले झाले की हिरवे पडतात. निळे कोबाल्टवाले असतात ते मी घेत नाही, ते रसायन अंगाला चांगलं नाही. हिरवे पडलेले दाणे जुन्या ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास ठेवले की पुन्हा नारिंगी होतात. हा ओव्हन आता जेवणाचा नाही, आणि तो डबाही नाही. रबरी रिंगवाला तो मोठा डबा बायकोचा गव्हाचा होता. शिशाचा धूर आणि धूळ लागलेल्या वस्तूंबरोबर एकदा आला म्हटल्यावर स्वयंपाकघरात परत जाणार नाही, यावर दोघांचंही एकमत झालं. वेगळा आणून दिला. तो महाग पडला.

कोणी विचारेल, कापूर? वडिलांच्या हत्यारांच्या पेटीत कापराची वडी असायची, मीही ठेवली होती. वास छान येतो. वडी दोन महिन्यांत उडून जाते आणि तुम्ही विसरता. जंग थांबवायला त्यावर भरवसा ठेवावा असं काही मला दिसलं नाही, पण पेटी उघडल्यावर वडील समोर आल्यासारखं वाटतं, म्हणून एक वडी अजून आहे, हत्यारांच्या पेटीत.

ठेवण्याच्या मांडणीत मला सगळ्यात उपयोगी पडलं ते असं. प्रत्येक पिशवीच्या बाहेर, झिपच्या वर भोक पाडून, त्याच साच्यातून निघालेली एक गोळी तारेने बांधली. पिशवी न उघडता कळतं आत दहाचा आहे की पंचवीसचा, आणि पिशवी जितकी कमी उघडाल तितकं आतलं रसायन टिकतं. गोळी आत ठेवली नाही, कारण या पिशव्या फक्त लोखंडी वस्तूंसाठी आहेत असं पुडक्यावर आहे. काही प्रकारची ही रसायनं शिशालाच खातात. साच्याच्या दोन्ही फाकांवर एकच आकडा पंचने मारला आहे, कारण वडिलांच्या तिसऱ्या आणि पाचव्याचा एकेक अर्धा एकदा अदलाबदल झाला आणि गोळ्यांना कडेने पाते फुटले होते. वर्ष घालवलं मी ते शोधण्यात. डब्याच्या तळाशी प्लायवुड नको, पुठ्ठाही नको. अशा लाकडातून आम्ल सुटतं, शिशावर पांढरा भुगा आणतं, लोखंडालाही सोडत नाही. मी जुन्या प्लास्टिकच्या जाळीदार ट्रेचा तुकडा टाकला.

आता तक्रार. पुडक्यातल्या पंचवीसपैकी चार पिशव्यांची झिप सरळ बसत नव्हती, एका कोपऱ्याला हवा जात होती. झिपच बसली नाही तर रसायन बाहेर आणि दमट हवा आत. दुकानात नेल्या तर पोराने त्या चारही बदलून दिल्या, वाद घातला नाही, हे त्याचं मोठेपण. पण कंपनीने पुडक्यावर बनवल्याची तारीख छापलेली नाही, आणि रसायन कितीही वर्षं टिकत नसतं. कधीपासून मोजायचं? मी मार्करने स्वतः भरल्याची तारीख टाकतो आणि दोन वर्षांनी बदलायच्या ठरवल्या आहेत. दुसरं, मोठे नग मिळतच नाहीत. माझ्या पन्नास ग्रॅमवाल्या साच्याला लाकडी मूठ आहे, सहा बाय आठमध्ये ती मावत नाही. मूठ बाहेर राहिली तर पिशवी उघडीच. तो एकटा अजून तेल लावून, मेणकापडात गुंडाळून ठेवतो, आणि त्याच्यावर या पावसाळ्यात पुन्हा पूड आली. बाकीचे सात कोरे.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा झिपसाठी कापला, एक मापांसाठी. कूलर आता खिडकीतून हॉलमध्ये तोंड करून आहे, तिथे बायकोच्या शिवणयंत्राने मला अजून काही म्हटलेलं नाही. लोहाओळीतल्या पोराला दहा बाय चौदाच्या पिशव्या मागवून ठेव म्हणून सांगितलं आहे. तीन आठवडे झाले, रोज "काका, उद्या" चाललं आहे.