टिळकवाडीतला रविवारचा स्टॅटिस्टिक्सचा क्लास: एका पालकाचा अभिप्राय

माझी मुलगी इंजिनिअरिंगला आहे, कॉम्प्युटर सायन्स, तिसरं सेमिस्टर. व्हीटीयूचा (विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी) या सेमिस्टरचा गणिताचा पेपर म्हणजे जवळजवळ सगळी प्रॉबेबिलिटी आणि स्टॅटिस्टिक्स. रँडम व्हेरिएबलपासून सुरुवात, मग मार्कोव्ह चेन, हायपोथेसिस टेस्टिंग (नमुन्यावरून एखादं गृहीतक तपासणं) आणि शेवटी अनोव्हा (अनेक गटांच्या सरासरींची तुलना). दहावीपर्यंत खानापूर तालुक्यात मराठी माध्यमात शिकलेली पोर. गणित करायची, पण प्रश्नात नेमकं काय विचारलंय तेच कळायचं नाही. म्हणून बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडं गिरणीच्या वर चालणाऱ्या रविवारच्या क्लासला घातली. फी चार हजार, दोन हप्त्यांत. मी स्वतः उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी बघतो, त्यामुळं तिची वही दर आठवड्याला उघडून वाचली. पैसे वसूल झाले, हे आधीच सांगून टाकतो.

सर फळ्यावर इंग्रजीत लिहितात, कारण पेपर इंग्रजीत आहे. बोलतात मराठीत, आणि मागच्या बाकावरच्या कन्नड मुलांसाठी तेच लगेच कन्नडमध्ये. फॉर्म्युला शेवटी येतो. आधी ती संज्ञा कशाला म्हणतात हे पोरांनी स्वतःच्या तोंडानं सांगायचं. सांगता आलं नाही तर सर पुढं सरकत नाहीत.

पहिल्याच महिन्यात त्यांनी पोरांना वर्कशॉपमधली खरी मापं आणायला लावली. मी पंचवीस मिलिमीटरच्या बुशची पाच रीडिंग दिली: 25.01, 25.03, 25.02, 25.06, 25.03. मीन (सरासरी), मीडियन (क्रमानं लावल्यावर मधलं माप), मोड (सगळ्यात जास्त वेळा आलेलं माप) तिन्ही 25.03 आले. मग सरांनी 25.06 खोडून 25.36 लिहिलं आणि पुन्हा काढायला सांगितलं. मीन एकदम 25.09 वर गेला, मीडियन आणि मोड जागचे हलले नाहीत. एक चुकीचं रीडिंग मीनला किती ओढतं, हे आमच्या नव्या ऑपरेटरना सांगून सांगून मी दमलो. इथं पोरांना ते पाच मिनिटांत दिसलं.

त्याच, म्हणजे मूळच्या पाच मापांवर स्टँडर्ड डेव्हिएशन, मापं मीनभोवती किती पसरलीत ते. कॅल्क्युलेटरवर दोन उत्तरं मिळतात, सिग्मा एक्स आणि एस एक्स. पहिलं 0.0167, दुसरं 0.0187. कुठलं लिहायचं? बहुतेक मुलं पाठ करतात, ‘सॅम्पल असेल तर एन वजा एक’, म्हणजे मापांच्या संख्येतून एक वजा करून भागायचं आणि दुसरं उत्तर लिहायचं. इथं कारण सांगितलं. मीन याच पाच मापांतून काढला, त्यामुळं मीनपासूनच्या फरकांची बेरीज शून्यच येणार. चार फरक कळले की पाचवा आपोआप ठरतो. म्हणजे मोकळे चारच. त्यालाच डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणायचं, आणि फरकांच्या वर्गांची बेरीज म्हणून चारनं भागायची. मुलीनं वहीत या ओळीखाली दोनदा रेघ मारली आहे.

सगळ्यात चांगला तास बेझ थिअरमचा, म्हणजे नवी माहिती हाती आल्यावर शक्यता कशी बदलते त्याचा. एका शॉपमध्ये दोन मशीन. ए साठ टक्के माल काढतं, त्यात दोन टक्के रिजेक्ट. बी चाळीस टक्के काढतं, त्यात पाच टक्के रिजेक्ट. हातात आलेला रिजेक्ट पीस बीचा असण्याची शक्यता किती? सरांनी टक्के बाजूला ठेवले आणि हजार पीस धरले. एचे सहाशे, त्यातले बारा खराब. बीचे चारशे, त्यातले वीस खराब. एकूण खराब बत्तीस, त्यात बीचे वीस, म्हणजे 62.5 टक्के. माल कमी काढूनही दोष जास्त बीकडं. बीचा पीस खराब निघण्याची शक्यता पाच टक्के आणि खराब पीस बीचा असण्याची 62.5 टक्के, कंडिशन कुठल्या बाजूला आहे हे बघितलं नाही तर पोरं या दोन्हींची सरमिसळ करतात. एवढं समजल्यावर फॉर्म्युला फळ्यावर आला तेव्हा कुणी घाबरलं नाही.

इंडिपेंडंट (एकाचा दुसऱ्यावर परिणाम नाही) आणि म्युच्युअली एक्सक्लुझिव्ह (दोन्ही एकदम घडू शकत नाहीत) या जोडीवरही त्यांनी चांगला वेळ दिला. एकाच फाशावर दोन आणि पाच एकदम पडू शकत नाहीत, ते एक्सक्लुझिव्ह. दोन पडलं हे कळलं की पाचची शक्यता शून्य होते, म्हणजे एकाची बातमी दुसऱ्याला लागू पडली. मग ते इंडिपेंडंट कसे असतील? विचारा की कुठल्याही इंजिनिअरला, निम्मे गडबडतात.

टी-टेस्टच्या, म्हणजे थोड्या नमुन्यांवरून सरासरीबद्दलचं गृहीतक तपासण्याच्या तासाला सरांनी विल्यम गॉसेटबद्दल सांगितलं. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणारा हा माणूस. थोड्याशा नमुन्यांवरून निर्णय घ्यायची अडचण त्याच्यासमोर रोजची होती, त्यातून ही पद्धत निघाली आणि 1908 साली त्यानं ती ‘स्टुडंट’ या टोपणनावानं छापली. कारखान्यातल्या माणसाच्या गरजेतून आलेलं गणित आहे हे, आणि मुलीनं घरी येऊन सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

आता खटकलेलं. पी-व्हॅल्यू एका तासात उरकली, आणि क्लासच्या छापील नोट्समध्ये तिची व्याख्या ‘नल हायपोथेसिस खरा असण्याची शक्यता’ अशी दिली आहे. हे चूक आहे. नल, म्हणजे ‘फरक काही नाही’ असं सुरुवातीचं गृहीतक, खरा आहे असं धरलं, तर आपल्याला मिळालं तेवढं किंवा त्याहून टोकाचं उत्तर येण्याची शक्यता, ती पी-व्हॅल्यू. मी सरांना भेटून सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फळ्यावर दुरुस्ती केली. नोट्स मात्र तशाच झेरॉक्स होत आहेत. पुढच्या बॅचच्या पालकांनी मुलांच्या प्रतीत पेननं सुधारून घ्यावं. अनोव्हाही शेवटच्या दोन रविवारांत कोंबलं. गणितं झाली, पण ‘बिटवीन’ (गटागटांमधला) आणि ‘विदिन’ (एकाच गटातला) व्हेरियन्स, म्हणजे पसारा, वेगळा का काढायचा, हे मला घरी जेवणाचं ताट सोडून समजावावं लागलं.

जागा अडचणीची आहे. चाळीस जणांच्या खोलीत साठ बसतात, आणि खाली गिरणी सुरू झाली की मागच्या दोन बाकांवर काही ऐकू येत नाही. पावसाळ्यात खिडक्या बंद, मग तर विचारूच नका. लांबून बसनं येणाऱ्या पोरांनी लवकर येऊन पुढची जागा धरावी.

पेपरच्या आदल्या महिन्यात नुसते जुने प्रश्न सोडवून घ्यायला जाणार असाल तर दुसरीकडं बघा, तसले क्लास गावात भरपूर आहेत. सेमिस्टर सुरू होतानाच घालणार असाल तर इथंच घाला. एक तास फुकट बसू देतात. आधी फोन करून विचारा आणि ज्या रविवारी बेझ असेल त्या रविवारी जा.